टेम्पोचा पोळा

नोकरीची सगळी वर्षं मी दूध वाहतुकीत काढली आणि दुधाचा एक कॅनही कधी स्वतःच्या हाताने उचलला नाही. रिटायर होईपर्यंत हे मी छाती पुढे काढून सांगायचो. आता सांगताना लाज वाटते, पण सांगायची खोड काही गेलेली नाही.

हल्ली कोणी ना कोणी सल्ला विचारायला येतं. कुणाची पाण्याच्या बाटल्यांची एजन्सी, कुणाचं पशुखाद्याचं दुकान. रस्ता जवळचा, फेरी रोजची. प्रश्न सगळ्यांचा एकच. ज्याची गाडी तोच चालवतो असे गाडीवाले लावावेत, की सगळी वाहतूक एखाद्या ठेकेदाराच्या गळ्यात घालून मोकळं व्हावं? मी दोन्ही बाजू सांगतो. आपल्या गाडीवर आपणच बसणारा माणूस गाडीला जपतो, मालाला जपतो, वाटेवरची सगळी माणसं त्याला ओळखतात. पण त्याच्या घरी लग्न निघालं, त्याला ताप भरला, की तुमचा माल जागेवर. ठेकेदाराची एक गाडी बिघडली तर दुसरी येते आणि शिव्या द्यायला एकच माणूस असतो. पण त्याचा पगारी ड्रायव्हर माल आपटतो, आणि वर्ष उलटलं की ठेकेदार भाव वाढवतो, कारण तोवर बाकीचे गाडीवाले तुम्ही देशोधडीला लावलेले असतात. लोक माना डोलावतात, चहा पितात आणि जातात. हे शहाणपण मला कुणाच्या जिवावर आलं, ते कोणी विचारत नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो. दूध संघात सुपरवायझर, पण टेंपररी. दर सहा महिन्यांनी चेअरमनच्या दारात उभं राहून मुदत वाढवून घ्यायची, म्हणजे पोट चालायचं. माझ्याकडे कोल्हारच्या बाजूचा रूट होता. नदीकाठच्या सात थांब्यांवरून सकाळचं दूध गोळा करायचं आणि राहुरीच्या अलीकडे आमची डेअरी होती तिथे आणायचं. सगळा मिळून नऊ मैलांचा रस्ता. साडेआठच्या आत दूध पोचलं तर चिलिंगला जायचं, नाही तर नासायचं. सगळा खेळ त्या दोन-अडीच तासांचा होता.

या रूटवर एक गाडीवाला होता. चाळिशीचा, उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला कायम मळका रुमाल गुंडाळलेला. त्याच्याकडे तीन चाकांचा जुना टेम्पो होता, नाक पुढे आलेला. आधी तो शेतकरीच होता. तीन एकर जमीन आणि एक खिल्लारी जोडी. ती जोडी त्याने विकली, बैलगाडी विकली, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि हा टेम्पो घेतला. जमीन भावाला वाट्याने दिली. सगळं या एका रूटच्या भरवशावर. संघाचा रूट असेल तर टेम्पो राहणार, टेम्पो असेल तर हा स्वतःचा मालक राहणार. रूट गेला तर ना बैल ना गाडी, लोकाच्या बांधावर रोजाने जायचं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

माणूस कामाला चोख होता, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. कॅन उचलताना तो तळाला हात लावायचा, आपटायचा नाही. रिकामे कॅन परत देताना झाकणं उघडून वास घेऊन बघायचा. एखाद्या कॅनला आंबूस वास आला तर त्या घरच्या बाईला सांगायचा, "वैनी, राखंनं घासा गं ह्याला, तुमचंच नुसकान हुईल." बायका त्याचं ऐकायच्या. माझं ऐकायच्या नाहीत.

पहिल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सायब, उंद्या गाडी जुपायची न्हाई."

मला वाटलं गाडी बिघडली. म्हटलं, काय झालं?

"पोळा हाय न्हवं उंद्या."

मी हसलो. म्हटलं, अहो, बैल तर तुम्ही विकलेत. आता कसला पोळा?

तो हसला नाही. म्हणाला, "बैल इकून ही आली. आता आमाला खायाला हीच घालती. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत, मग हिच्या कसं ठेवायचं?"

आणि खरोखरच त्याने तिचा पोळा केला. आदल्या संध्याकाळी तुपात हळद कालवून तिच्या नाकाडाला चोळली, बैलाचे खांदे मळतात तशी. सकाळी नदीत उतरवून धुतली. गेरूचे ठिपके दिले, हेडलाइटांना गोंडे बांधले, नाकावर बाशिंग चढवलं. बायकोने ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास तिच्या पुढच्या चाकापाशी ठेवला. संध्याकाळी गावच्या वेशीत बैलांच्या रांगेत टेम्पो! लोक हसून हसून बेजार झाले. पण वेशीतून बाहेर काढलं नाही कुणी. दुसऱ्या वर्षी तर त्याच्यासाठी रांगेत जागा ठेवली होती. त्या एका दिवसापुरतं शेजारच्या रूटच्या गाडीवाल्याला मी दोन फेऱ्या मारायला सांगायचो. तो जन्माचा ड्रायव्हर, त्याच्या घरी बैल कधी नव्हतेच, तो खुशीने यायचा. मी एक निरोप धाडायचा, एवढंच काम. दोन वर्षं मी तो धाडला.

मग ते किल्लीचं झालं. चौथ्या थांब्यावर एक म्हातारी होती, एकच म्हैस, दूध चार शेर. रोज उशीर. हा रोज थांबायचा. त्या दिवशी मी गाडीत होतो आणि डेअरीत चेअरमन येणार होते. मी म्हटलं, चला, नाही थांबायचं. तो म्हणाला, "येतीय सायब ती, ती बगा, बाभळीपाशी हाय." मी ओरडलो, "म्हातारीचे नोकर आहात की संघाचे?" तेव्हा त्याने शांतपणे इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "मी कुनाचाच नोकर न्हाई सायब. गाडी माझी हाय. तुमाला घाई आसंल तर तुमी चालवा."

मला गाडी येत नव्हती. थांब्यावर वीसेक माणसं होती, ती खो खो हसली. एक बाई तर पदर तोंडात कोंबून खाली बसली. म्हातारी आली, तिने दूध घातलं, "का रं, आज सायब लाल झालाय?" असंही विचारलं. त्याने किल्ली माझ्या मांडीवरून उचलली, गाडी सुरू केली आणि वाटेत माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलायला लागला, जसं काही झालंच नाही. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते रुतलं ते रुतलंच. रात्री अंथरुणावर पडलो की ती वीस माणसं हसायला लागायची.

त्याच उन्हाळ्यात चेअरमनने मला बोलावलं. त्यांच्या साडूकडे दोन ट्रक होते, बसून होते. चेअरमन म्हणाले, "हे एकेक गाडीवाले सांभाळायचे म्हणजे डोक्याला ताप. सगळे रूट एका ठेकेदाराला देऊन टाकू. सुरुवात तुझ्या रूटपासून. तू रिपोर्ट लिही, कुठलं बरं पडेल ते."

मी रिपोर्ट लिहिला. आश्चर्य वाटेल, पण पहिला रिपोर्ट मी खरा लिहिला. रस्ता नऊ मैलांचा, थांबे सात, गल्ल्या अरुंद. ट्रक आत जाणार नाही, लोकांना कॅन घेऊन सडकेपर्यंत यावं लागेल. गाडीवाला स्वतःच कॅन चढवतो, ट्रकला वेगळा हमाल लागेल. दूध नासण्याचं प्रमाण आपल्याकडे जवळपास नाही. सध्याची व्यवस्था चांगली आहे. चेअरमनने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे काय, गाडीवाल्याची आरती लिहून आणलीस का?" मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "दिवाळीत तुझ्या परमनंटचं बघायचंय ना रे आपल्याला?"

बस्स. एवढंच बोलले. कुणाला धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. मी रिपोर्ट परत घेतला. तो फाडताना मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू? मला ती किल्ली आठवली आणि बरं वाटलं.

पण नुसत्या रिपोर्टने भागणार नव्हतं. बोर्डात दोन-तीन जुनी माणसं होती, ती म्हणाली असती, गाडीवाल्याने काय वाकडं केलंय? म्हणून त्याच्याकडून काहीतरी वाकडं व्हायला हवं होतं. आणि तो वर्षात एकच दिवस गाडी काढत नव्हता. मला डोकं फार चालवावं लागलं नाही.

आषाढात मी नवा करार छापून आणला. त्यात एक कलम घातलं: पूर्वसूचना न देता एक दिवसही गाडी बंद ठेवली तर रूट तात्काळ रद्द. सगळ्या गाडीवाल्यांना डेअरीत बोलावून मी तो भराभरा वाचून दाखवला. बाकीच्यांनी मुकाट सह्या केल्या. हा मात्र थांबला. म्हणाला, "सायब, मंग पोळ्याचं कसं?"

मी म्हटलं, "पोळ्याचं काय? ते दरवर्षीचंच आहे. आदल्या दिवशी मला सांगायचं, झालं."

"तोंडी चालंल?"

"तुमच्या-माझ्यात काय लेखी करायचंय?"

त्याने सही केली. चांगली वळणदार सही होती त्याची, चौथी शिकलेला होता. सही करून त्याने पेन टोपण लावून माझ्या हातात दिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या गावाला गेलो. काय गरज होती? तो आपण होऊन सांगायला आलाच असता. पण डेअरीत आला असता तर तिथे क्लार्क होता, शिपाई होता, चार कान होते. म्हणून मीच त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याच्या बायकोने चहा दिला, गुळाचा. तो टेम्पोला हळद-तूप चोळत होता. तिथूनच म्हणाला, "सायब, उंद्या गाडी न्हाई बरं का. तुमी निरोप धाडा तेवढा."

मी म्हटलं, "हो, हो. धाडतो."

बायको म्हणाली, "आन् उंद्या जेवायाला या. पुरनपोळी खायाला या. दर साली नुसतं व्हय म्हनता आन् येत न्हाई."

मी म्हटलं, "येतो की." बशीतला चहा संपवला आणि उठलो. निरोप धाडला नाही. शेजारच्या रूटच्या गाडीवाल्याच्या गावावरूनच माझी सायकल गेली. तो दारात दाढी करत बसला होता, त्याने हातही केला. मी घंटी वाजवली आणि पुढे गेलो.

पोळ्याच्या सकाळी सातही थांब्यांवर लोक दूध घेऊन उभे होते. सणाचा दिवस, घरात पुरण शिजायचं होतं, बायकांना घाई होती. सात वाजले, आठ वाजले. पाऊस आठवडाभर उघडला होता, उन्हाचा चटका श्रावणात नसावा असा. नऊ वाजता मी सायकलवर पहिल्या थांब्यावर पोचलो. तोंडावर काळजी आणून विचारलं, "गाडी नाही आली अजून?" लोक म्हणाले, दुसरी येणार होती ना दर सालासारखी? मी म्हटलं, "मला कुणी काही बोललंच नाही. बघतो." आणि बघतो बघतो म्हणत मी पहिल्या चार थांब्यांवर वीस-वीस मिनिटं काढली. मला दूध नासायला हवं होतं आणि ते नासेपर्यंत मला वेळ घालवायचा होता. म्हातारीच्या थांब्यावर मी बाभळीच्या सावलीत चक्क बसलो. म्हातारीनेच मला पाणी दिलं.

अकराच्या सुमाराला मी त्याच्या गावात गेलो. त्याच्या दारात टेम्पो नटून उभा होता. गेरूचे ठिपके, गोंडे, पाठीवर जुनी झूल, नाकावर बाशिंग. बायको ताट घेऊन ओवाळायला निघाली होती. माझ्यामागून थांब्यावरची पंचवीस-तीस माणसं आली, तापलेली. "दूध नासाय लागलं! गाडी कुटं हाय?"

त्याला आधी कळेचना. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सायब, दुसरी गाडी आली न्हाई व्हय? काल सांगितलं हुतं न्हवं मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "मला? कधी?"

आज इतकी वर्षं झाली, तो दोन शब्दांचा प्रश्न मला माझ्याच आवाजात ऐकू येतो. आवाज अजिबात हलला नव्हता. मी कानांवर हात ठेवले ते असे, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच नसेल सांगितलं त्याने.

त्याची बायको ताट घेऊन तशीच पुढे आली. "काल ह्या वट्यावर बसून च्या पिलात तुमी! माझ्यादेखत म्हनलात धाडतो म्हनून! सनासुदीचं खोटं बोलताना जीभ कशी झडली न्हाई तुमची?"

मी म्हटलं, "चहा प्यायलो. गाडीचं बोलणं काही झालं नाही." आणि लोकांकडे वळून म्हटलं, "नवऱ्याला वाचवायला बाई बोलणारच." लोकांपैकी दोघा-तिघांनी खाली बघितलं. त्यांना कळलं होतं. पण दूध त्यांचं होतं आणि राग कुणावर तरी काढायचा होता. माझ्यावर काढला असता तर उद्या मी त्यांचं दूध पातळ म्हणून परत पाठवलं असतं. तेव्हा खापर त्याच्यावर फुटलं. कुणीतरी ओरडलं, "टेम्पोचा कसला रं पोळा करतो, येड्या! लोकाच्या पोटावर पाय देऊन!" दोन वर्षं याच माणसांनी त्याला वेशीत जागा दिली होती.

तो वळला. टेम्पोकडे गेला. बाशिंग सोडलं, बायकोच्या हातातल्या ताटात ठेवलं. झूल ओढून खाली टाकली. बायको रडायला लागली, "आवो, नगा, आजच्या दिवशी नगा." त्याने टेम्पोच्या नाकाला हात लावून तो कपाळाला लावला, तिची माफी मागितल्यासारखा, आणि गाडी सुरू केली. तासाभरात त्याने सात थांबे केले. असा चालवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. गोंडे तसेच लोंबत होते, गेरूचे ठिपके तसेच.

मी त्याच्या आधी डेअरीत जाऊ शकत नव्हतो, सायकलवर होतो. पण सायकलची गरजच नव्हती. पुलापाशी चेअरमनच्या साडूचा ट्रक सकाळपासून उभा होता, तो मला घेऊन पुढे गेला. टेम्पो डेअरीच्या फाटकात आला तेव्हा मी फाटकात उभा होतो. शेजारी चेअरमन.

मी म्हटलं, "गाडी आत घ्यायची नाही. रूट रद्द झालाय."

तो खाली उतरला. घामाने निथळत होता. म्हणाला, "सायब, दूध तपासा तरी. म्होरल्या तीन थांब्यांचं अजून बरं हाय. मी वास घेतलाय."

आणि ते बरं होतं. सहज निम्मं दूध वाचलं असतं. मी एकही झाकण उघडलं नाही. म्हटलं, "बाहेर ओता."

त्याने ओतलं नाही. डेअरीच्या दोन माणसांना मी ओतायला लावलं. फाटकासमोरच्या नालीतून सात गावांचं दूध वाहून गेलं. कुत्री जमली. तो टेम्पोला टेकून बघत उभा राहिला. पोळ्याला त्याने गाडी जुपली होती आणि ती कशासाठी जुपली, तर या नालीसाठी. चेअरमन मला हळूच म्हणाले, "जरा जास्तच केलंस रे." आणि हसले.

रूट ठेकेदाराला गेला. दिवाळीत मी परमनंट झालो. टेम्पोला दुसरीकडे कुठे काम लागेना. तीन-चार महिने तो दारात उभा राहिला, मग ठेकेदारानेच तो मातीमोलाने घेतला, कारण ट्रक गल्ल्यांत जात नव्हता, माझ्या पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं तसंच. टेम्पोवर ठेकेदाराच्या नावाची पाटी लागली. आणि रस्ता माहीत असलेला, थांबे माहीत असलेला ड्रायव्हर हवा, म्हणून ठेकेदाराने त्यालाच पगारावर ठेवला. तोच माणूस, तोच टेम्पो, तेच सात थांबे. फक्त आता मी त्याला अरे-तुरे करू लागलो. त्याला ते खटकल्याचं कधी दिसलं नाही. किंवा दिसू दिलं नाही. म्हातारीसाठी थांबणं त्याने आपण होऊन बंद केलं. मी सांगितलं नव्हतं.

पुढच्या साली पावसाने दगा दिला. श्रावणात रानं काळी करपली. ज्यांना जमलं त्यांनी बैल विकले, बाकीच्यांचे छावणीत गेले. त्याची बायको खडी फोडायला जायला लागली. गावात पोळ्याला वेशीपाशी जेमतेम चार बैल होते, हाडं निघालेले. त्या सकाळी मी त्याच्या शेजारी टेम्पोत बसलो होतो. कुठली सुट्टी नाही, काही नाही, सहाला तो गाडी घेऊन हजर होता. वेस आली, गेली. त्याने मान वळवली नाही.

पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. मला परमनंट होऊन वर्ष होत आलं होतं, माझं कोणी काही वाकडं करू शकत नव्हतं, आणि तरी ते आत सलत होतं. मला हलकं व्हायचं होतं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हटलं गाडीत दोघंच आहोत, बोलून टाकू. फार तर शिवी देईल. एक कानाखाली ठेवून दिली तरी चालेल, हिशेब मिटेल.

मी म्हटलं, "गेल्या पोळ्याला तू मला सांगितलं होतंस. आदल्या दिवशी. ओट्यावर."

तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "न्हाई सायब."

"न्हाई काय? सांगितलं होतंस. मी हो म्हटलं होतं. मी खोटं बोललो."

"न्हाई सायब. मीच इसरलो हुतो. तुमाला कुटं सांगितलं हुतं मी."

मला वाटलं टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. मला संताप आला. इतका मोठा गुन्हा मी कबूल करतोय आणि हा घेत नाही! मी ओरडलो, "अरे, तुझ्या बायकोने ऐकलं होतं! सगळ्या गावाला ठाऊक आहे! बोल की खरं!"

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बंद करायची त्याची हिंमत झाली नाही. माझ्याकडे वळला आणि दोन्ही हात जोडले.

"सायब, तुमी कशापायी इचारता मला ठावं न्हाई. पर मी कुनाला काय बी बोललो न्हाई. बायकोला बी दम दिलाय, तोंड उघडू नको म्हनून. तुमी सांगाल तसं सांगतो. दुस्काळ हाय सायब. कामावरनं काढू नका."